लोखंड वेगळं, कोबाल्ट वेगळा

अतिपातळ धातूथरांतले चुंबकीय डोमेन, म्हणजे एकाच दिशेने चुंबकित झालेले छोटे भाग, क्ष-किरण सूक्ष्मदर्शकात काळे-पांढरे दिसतात, हे तुमच्या या सूक्ष्मदर्शकावरच्या लेखात छान आलंय. पण खरी ताकद पुढेच आहे. किरणांची ऊर्जा ७०७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास ठेवली की लोखंड ओळख देतं, ७७८ च्या आसपास कोबाल्ट. एकावर एक चढवलेल्या, जेमतेम पाच-दहा अणूंच्या थरांतल्या प्रत्येक धातूचं चुंबकत्व वेगळं पाहता येतं! किरणांचं वर्तुळाकार ध्रुवण, म्हणजे त्यांच्या विद्युतक्षेत्राची गोल फिरण्याची दिशा, उलटवलं की काळं ते पांढरं होतं.

दादरला बीएस्सीच्या वर्गात मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली बंद हार्ड डिस्क उघडून ठेवते; तिच्यातली माहितीही अशाच पातळ चुंबकीय थरात साठवलेली असते. आरशासारख्या चकतीत मुलांना आपलेच चेहरे दिसतात. लेखातल्या डोमेनच्या प्रतिमा दाखवल्या तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही उठून पुढे आली. असे क्ष-किरण देणाऱ्या इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉन या इलेक्ट्रॉन फिरवणाऱ्या यंत्रावरही जरूर लिहा, एका रात्रीच्या गाडीवर तर आहे.