श्रेय आधी चाहत्यांना द्या
आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश रॉक बँडचा पहिला अल्बम 'मायस्पेसने', म्हणजे त्या काळच्या सोशल नेटवर्किंग साइटने, 'घडवला' असं तुमच्या लेखात म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरातली ही पोरं कार्यक्रमांत आपल्या डेमो सीडी फुकट वाटायची. सीडी मोजक्याच, म्हणून ऐकणाऱ्यांनीच गाणी कॉम्प्युटरवर उतरवून एकमेकांना पाठवली. मायस्पेसवरचं पानसुद्धा चाहत्यांनीच काढलेलं! अल्बम यायच्या आधीच समोरची गर्दी त्यांच्याबरोबर शब्दन् शब्द गायची, ते यामुळे.

जानेवारी २००६ मध्ये डोमिनो या स्वतंत्र रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर प्रती खपल्या. बरीच गाणी आधीपासून फुकट मिळत होती, तरीही. मला यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं. आणि गाण्यांत काय, तर टॅक्सीतली भांडणं, क्लबच्या दारावर अडवणारे दांडगे, शनिवारची रात्र, आणि हे सगळं गायक ॲलेक्स टर्नरच्या अस्सल शेफिल्डी उच्चारांत. तिथल्या पोरांना ते स्वतःचं वाटलं.

मी हा अल्बम हॉस्टेलवर मित्राच्या पेनड्राइव्हमधून ऐकला तेव्हा निम्मे शब्द कळले नव्हते. ड्रम्स मात्र पहिल्या मिनिटापासून अंगात भिनले. पहिल्या पगारात सीडी घेतली, ती अजून जपून ठेवलीय.