चाकां लावलेलो पाट

माझी कंबर आणि माझं कुडाळचं ऑफिस यांचं गेल्या पावसाळ्यापासून पटत नाही. मालवणहून निघायचं, चौके, धामापूर, नेरूरपार करत जायचं. अंतर तीस किलोमीटरसुद्धा भरत नाही, पण स्कूटरवर प्रत्येक खड्डा थेट माकडहाडाशी बोलतो. बसून धक्के खाण्यापेक्षा उभं राहून खावेत, गुडघे तरी मध्ये पडतील, या विचाराने मी इलेक्ट्रिक लाँगबोर्ड, म्हणजे उभं राहून चालवायची चाकांवरची लांब फळी, घरीच बनवायला घेतला. तयार मिळतात त्यांची चाकं लहान आणि कडक. आमच्या रस्त्यावर ती पहिल्याच खड्ड्यात वस्तीला राहिली असती.

फळीसाठी सुतारकाकांकडे गेलो. त्यांनी कागदावरचं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं.

"पाट मां ह्यो?"

"पाटच. खाली चाकां, मोटर."

"मगे बसतलंस खय?"

"बसूचा नाय काका, उभ्यान जावचा."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की घरी कोणाला तरी कळवायला हवं. पण माणूस कलाकार. माणगा बांबूच्या पट्ट्या चिकटवून अशी फळी दिली, की वर उभं राहिलं की होडीसारखी हलकेच डुलायची. कंबर खूश.

बॅटरी मात्र नाखूश. लिथियम-आयनचे 48 सेल, चार-चारचे बारा गट, सरासरी 43.2 व्होल्ट, 20 अँपिअर-तास. सेल निकेलच्या पट्टीने जोडायचे, तेही स्पॉट वेल्डरने, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल बिघडतात. आणि फळी वाकली की खालची निकेलची पट्टीही वाकणार, वाकून वाकून एक दिवस तुटणार. म्हणजे कंबरेला हवी लवचीक फळी, बॅटरीला हवी ताठ. शेवटी बॅटरीचे दोन डबे केले, एक पुढे, एक मागे, मध्ये मऊ सिलिकॉन वायर. हिशेबाने 864 वॅट-तास. हवेची सहा इंची चाकं किलोमीटरला वीसेक वॅट-तास खातात, तेव्हा कुडाळ सहज. परतीची सोय ऑफिसच्या प्लगवर. सगळं मिळून वजन चांगल्या पोसलेल्या फणसाएवढं. आई म्हणाली, "फणस निदान खाव तरी येता."

पहिल्या दिवशी रात्रभर चार्जिंग करून, बॅटरी काठोकाठ भरून निघालो. इथे एक सांगायला हवं. आमचं घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, दारातून बाहेर पडलं की पहिलीच उताराची घाटी. या बोर्डाला ब्रेकचे रबर नसतात. ब्रेक दाबला की मोटरच जनित्र बनते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत ढकलते. पण माझी बॅटरी 50.4 व्होल्टवर, गळ्यापर्यंत जेवलेली. जत्रेतला पाहुणा पानावर हात आडवा धरतो, तसा बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने हात आडवा धरला. वीज जाणार कुठे? व्होल्टेज चढलं, मोटर चालवणारा कंट्रोलर बंद पडला आणि त्याच्याबरोबर ब्रेकही.

पुढचे दहा सेकंद मी फार आरामात गेलो, हे कबूल करतो. एक धक्का बसला नाही. गडग्यापाशी काजी वेचणाऱ्या काकी ओरडल्या, "रे, थांब मां जरा!" थांबणं माझ्या हातात असतं तर मी त्यांच्याकडे चहासुद्धा घेतला असता. वळणावर करवंदीच्या जाळीने मला पदरात घेतलं. बोर्डाला ओरखडासुद्धा नाही. मला किती, ते मोजायला दुसरा माणूस लागला.

आता बॅटरी नव्वद टक्क्यांवर थांबवतो. ब्रेक उत्तम लागतात. तरीही ती घाटी मी फणस काखोटीला मारून चालतच उतरतो. विश्वास एकदा करवंदीत गेला की लवकर बाहेर येत नाही. परवा तसाच उतरत होतो, तर मागून येणारी एसटी थांबली. कंडक्टरने दार उघडलं, मला पाहिलं, काखेतलं पाहिलं.

"येवा, चडा. पाट पायाकडे ठेवा. लगेज पडतला हां."