झाडाचा गेट पास

पाच जूनची, म्हणजे पर्यावरण दिनाची संध्याकाळ, साडेपाच वाजलेले. मी कंपनीच्या गेटवर ॲक्टिव्हावर बसलोय, दोन पायांच्या मध्ये काळ्या पिशवीतलं रोप, आणि सिक्युरिटीवाला काही बाहेर सोडायला तयार नाही.

"साहेब, झाडाचा गेट पास?"

"अरे बाबा, कंपनीनंच दिलंय. सगळ्यांना दिलंय."

"ते बरोबर आहे हो. पण मटेरियल बाहेर चाललंय ना. रिटर्नेबल का नॉन-रिटर्नेबल, तेवढं लिहून आणा फक्त."

बावीस वर्षं अकाउंट्समध्ये काढली, पण झाड रिटर्नेबल असतं का हे मला सांगता येईना. मागे शंभरेक गाड्या हॉर्न वाजवत उभ्या, प्रत्येकीत एकेक रोप. डोक्यावर फ्लेक्स: 'हरित कंपनी, हरित भविष्य'. हा फ्लेक्स मात्र गेट पासशिवाय आत आला असावा.

आता तुम्ही विचाराल, मी ॲक्टिव्हावर का होतो. कारण एक एप्रिलपासून आमच्या कंपनीने पर्यावरण वाचवण्यासाठी बस बंद केली. (हा विनोद नाही. सर्क्युलर आहे माझ्याकडे.) बस बंद झाल्याच्या तिसऱ्या महिन्यात झाड मिळालं. एवढ्या अनुभवानंतर चार हिताच्या गोष्टी तुम्हाला सांगितल्या नाहीत तर मीच कद्रू ठरेन. आपली कंपनी हरित करायची ज्यांना हौस आहे, त्यांनी लिहून घ्यावं.

सुरुवात ई-मेलपासून करावी. प्रत्येक मेलच्या खाली हिरव्या अक्षरांत 'गरज नसेल तर प्रिंट काढू नका' असं टाकावं. मग त्या ओळीसकट मेलची प्रिंट काढून फाइलला लावावी, कारण ऑडिटर हार्ड कॉपी मागतो.

एसी चोवीसवर ठेवा, असा स्टिकर लावा. रिमोट एचआरकडे ठेवा.

झाडं लावताना जात नीट निवडा. आंबा, वड, कडुनिंब असल्या आळशी झाडांच्या नादी लागू नका. ती मोठी होईपर्यंत प्लँट हेडची बदली होते. कोनोकार्पस घ्या. वर्षभरात कंपाउंडच्या भिंतीला मागे टाकतं आणि ड्रोनच्या फोटोत जंगल दिसतं. गुजरात सरकारने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी आणली म्हणे, पण आपण कुठे गुजरातेत आहोत? माझ्या पायांत होतं तेही तेच.

कर्मचाऱ्याला स्वतःचं पाप मोजायला लावा. ही युक्ती आपली नाही, तिचं श्रेय मोठ्यांना द्यायला हवं. 'कार्बन फूटप्रिंट' हा शब्द घरोघरी पोचवण्यात मोठा वाटा बीपी या ब्रिटिश तेल कंपनीच्या जाहिरातींचा, 2004-05 च्या सुमाराचा. तेल विकणाऱ्यानेच गिऱ्हाइकाला विचारलं, तुमचा धूर किती? आमच्या एचआरनेही फॉर्म पाठवला होता. महिन्यातून किती वेळा मटण खाता, अंघोळीला बादली की शॉवर. मी खरं लिहिलं. माझा शेरा आला: 'सुधारणेस वाव आहे.'

आता मुख्य विषय, म्हणजे हिशेब. तुमची कंपनी शेअर बाजारात पहिल्या हजारांत असेल तर 2022-23 पासून सेबीला, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, 'बीआरएसआर' नावाचा अहवाल द्यावाच लागतो. पर्यावरण, कामगार, समाज, सगळ्याची कुंडली. त्यात धुराचे तीन कप्पे असतात. स्कोप एक म्हणजे तुम्ही स्वतः जाळलेलं डिझेल, गॅस वगैरे. स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेली वीज. आणि स्कोप तीन म्हणजे बाकीचं जग: तुमचे व्हेंडर, तुमची ट्रान्सपोर्ट, तुमच्याकडे कामाला येणारी माणसं. पहिले दोन सांगणं सक्तीचं. तिसरा ऐच्छिक, सांगितलात तर तुमचा मोठेपणा. एक्सेल येतं म्हणून हा अहवाल भरायचं काम माझ्या गळ्यात पडलं, आणि त्या दिवशी मला पर्यावरण समजलं.

आमच्या चार बस होत्या, कंपनीच्या मालकीच्या. म्हणजे त्यांचं डिझेल स्कोप एकमध्ये. कोथरूडहून चाकणला जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. बस लिटरला चार किलोमीटर जाते, म्हणजे रोज वीस लिटर, म्हणजे साधारण चौपन्न किलो कार्बन डायऑक्साइड. चार बस, वर्षाचे दोनशे ऐंशी दिवस, साठ टन. बस बंद, साठ टन गायब! अहवालातला हिरवा बाण खाली गेला, टाळ्या वाजल्या, केक आला.

पण जुनी खोड म्हणून मी उरलेलं गणितही केलं. बसमध्ये पंचेचाळीस माणसं बसायची, म्हणजे डोई सव्वा किलोच्या आत. माझी ॲक्टिव्हा तेवढ्याच अंतराला चार किलो सोडते. एकटा माणूस कार घेऊन आला तर बारा किलो. आमच्या एकशेऐंशी जणांत साठेक कारवाले झाले, बाकीचे माझ्यासारखे. सगळं मिळून रोज बाराशे किलो. पूर्वी चार बस मिळून दोनशे सोळा होतं. साठ टन वाचवायला आम्ही वर्षाला तीनशेचाळीस टन रस्त्यावर ओततोय, आणि ते सक्तीच्या कुठल्याच रकान्यात नाही, कारण ते आमचं वैयक्तिक पाप आहे, सुधारणेस वाव असलेलं! वाढलेलं झाड वर्षाला वीस-पंचवीस किलो शोषतं असं धरलं तर एका माझ्या स्कूटरलाच पन्नास झाडं लागतील. दिलं एक. तेही गेट पासला अडकलेलं.

आणि हे नुसतं किलोचं आहे. तळेगाव चौकात कंटेनर आणि डंपरच्या मधल्या दीड फुटात पाय टेकवत पुढे सरकणं कुठल्या स्कोपमध्ये येतं? सहा-वीसची बस कोथरूड डेपोला पकडली की मी मोशीपर्यंत झोपायचो. मागच्या सीटवर भिशी चालायची, दोन लग्नं जमली त्या बसमध्ये. आता सकाळी पाचला उठून तोंडाला रुमाल बांधून निघायचं, आणि घरी पोचल्यावर नाक शिंकरलं की काळं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या पोराचा मे महिन्यात आंबेठाण चौकात पाय मोडला. त्याच्या रजेचा हिशेब मी केला, तो 'हेल्थ अँड सेफ्टी'त गेला नाही, कारण अपघात गेटच्या बाहेर झाला. तुमचं सगळं पर्यावरण त्या गेटशी संपतं काय हो?

असो. उपरोधिक लिहायचं ठरलंय. पुढे.

प्लेटिंग, म्हणजे धातूला मुलामा देणं, स्वतः करू नका. ॲसिड, झिंक, क्रोमियम, नसती ब्याद. तेच काम पत्र्याच्या शेडमधल्या एखाद्या धडपड्या मराठी उद्योजकाला द्या. तुमचा ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट) बंद, तुम्ही 'झिरो डिस्चार्ज', तुम्हाला पुरस्काराची ढाल. त्याचं पाणी कुठे जातं ते त्याला विचारू नये, चारचौघांत बरं दिसत नाही. मोशीच्या पुढे इंद्रायणीच्या पुलावर मात्र नाकाला विचारावं लागत नाही. खाली आळंदीला वारीच्या तोंडावर पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, आणि दरवर्षी चौकशीचे आदेश निघतात. (फेस सगळा कारखान्यांचा नाही, आपल्या बाथरूमचाही आहे, हे कबूल. पण बाथरूमला कोणी हरित पुरस्कार देत नाही.) 2017 मध्ये तळोज्यात कुत्री निळी होऊन रस्त्यावर फिरली होती, आठवतंय? तिथे निदान पुरावा चार पायांवर चालत होता.

जाहिरातीत 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली' म्हणायचं तर आता पुरावा ठेवावा लागतो, ऑक्टोबर 2024 मध्ये केंद्राने तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली. म्हणून हे शब्द कँटीनच्या भिंतीवर रंगवा. कँटीनच्या भिंतीला कोण पुरावा विचारतो?

भविष्यातील आव्हानांचं नियोजन लोणावळ्याला करावं. चाकणमध्ये भविष्य दिसत नाही, धूळ असते. आम्ही दोन दिवस रिसॉर्टवर होतो. रंगीत चिठ्ठ्या काचेवर चिकटवल्या. 'पूर' ही चिठ्ठी पिवळ्या रकान्यात गेली, म्हणजे धोका मध्यम. ती चिठ्ठी अजून चिकटलेली असेल. इकडे पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या स्टोअरमध्ये गुडघाभर पाणी. मागचा ओढा पाइपात घालून त्यावर पार्किंग केलं होतं. का केलं? बस बंद झाल्यावर एवढ्या गाड्या लावणार कुठे?

नेट झिरोचं साल निवडताना घाई नको. देशाने 2021 मध्ये ग्लासगोला 2070 सांगितलंय, तेव्हा 2050 सांगितलंत तरी तुम्ही वीस वर्षं पुढे. आमच्या एमडी साहेबांनी 2045 सांगितलं. रिटायर 2029 ला होतायत.

आता पाणी. हे लक्ष देऊन वाचा, कारण यात खरी कला आहे. अहवालात विचारतात, पाणी कुठून घेता? नदी-तलाव, भूजल, त्रयस्थ पक्ष, समुद्र, इतर. आमच्या बोअरवेल होत्या, त्या बंद केल्या. भूजल: शून्य. त्या शून्याचं अभिनंदन करणारा मेल सगळ्यांना गेला. आता रोज टँकर येतात, ते त्रयस्थ पक्षाच्या रकान्यात.

एक दिवस गेटवर टँकरच्या मागे थांबलो होतो, तर ड्रायव्हरने वरून हाक मारली. पाहतो तर आमचे मामा! अकरा वर्षं तीन नंबरची बस चालवली त्यांनी. बस गेली, मामा टँकरवर.

"काय साहेब, गाडीवर? पाठ लागली असेल."

"लागली. हे पाणी कुठून भरता, मामा?"

"कुठून म्हणजे? पलीकडच्या गावातनं. बोअरच आहे की. पाच किलोमीटर पण नाही."

म्हणजे तेच भूजल. आमच्या खालून काढायचं ते शेजाऱ्याच्या खालून काढलं, वर टँकरचं डिझेल जाळलं, आणि एक शून्य मिळवलं. आमच्या कँटीनच्या मावशी त्याच गावच्या. त्या म्हणाल्या, "आमच्याकडं एक दिवसाआड पाणी येतं. टँकर तेवढा रोज भरतोय." आणि त्याच गावात मागच्या वर्षी आमच्या कंपनीने सीएसआरमधून पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं. कायद्याने नफ्याचे दोन टक्के समाजकार्याला द्यायचे असतात ना, त्यातून. फीत कापतानाच्या फोटोत मावशींचा नातू आहे, हातात स्टीलचा पेला. तो फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर आहे. जाड, गुळगुळीत आर्ट पेपर. मशीनला द्यायला पाणी नाही म्हणून ते मार्चपासून बंद आहे.

बस झालं. यापुढे मला उपरोध जमत नाही.

कंपनीतल्या साहेब लोकांनो, तुम्ही सुशिक्षित माणसं आहात. तुम्हाला हे सगळं कळतं. साठ टन कुठे गेले, पाणी कुठलं, प्लेटिंगचं काय झालं, एकेक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, कारण मी ती मीटिंगमध्ये सांगितली आणि तुम्ही म्हणालात, "ते स्कोपच्या बाहेर आहे." स्कोपच्या बाहेर म्हणजे कुठे? चाकणच्या बाहेर? पृथ्वीच्या? घाण उचलून भिंतीपलीकडे टाकायची आणि आपलं अंगण झाडलं म्हणायचं, हे आमच्या चाळीत कोणी केलं तर बायका दारात जाऊन भांडायच्या. तुम्ही त्याचे पुरस्कार घेता. लाज वाटत नाही? आणि लाज मलाही वाटायला हवी, कारण भूजलाच्या रकान्यात ते शून्य टाइप करणारा हात माझा आहे. फ्लॅटचे हप्ते आहेत म्हणून टाइप केलं. पुढच्या वर्षीही बहुतेक करेन.

झाडं नकोत, टी-शर्ट नकोत, बांबूचा ब्रश नको. चार बस परत सुरू करा. टँकरचं पाणी भूजलात लिहा. ओढा मोकळा करा. तीनच कामं आहेत, एकालाही सल्लागार लागत नाही. नाहीतर निदान गप्प बसा, पाच जूनला ऑफिसला सुट्टी द्या. एवढ्या गाड्या एक दिवस रस्त्यावर आल्या नाहीत तर तेवढे बाराशे किलो खरोखर वाचतील.

माझं रोप सिक्युरिटीच्या केबिनमागे आहे. परवा विचारलं तर तो म्हणाला, गेट पास एचआरकडे सहीला गेलाय. रजिस्टर दाखवलं त्याने: 'रोप, 1 नग, रिटर्नेबल.'