साडूभाऊंचं हाँगकाँग

मी हाँगकाँग पाहिलेलं नाही. विमानाची तिकिटं, तिथल्या विमानतळावर मिळालेली प्रवेशाची चिठ्ठी आणि बायकोच्या फोनमधले फोटो यांवरून कुणाचा उगाच गैरसमज व्हायला नको, म्हणून आधीच सांगून टाकलेलं बरं. हा निकाल परवाच्या रविवारी, यावलकडच्या मळ्यात, सासुरवाडीच्या भरीत पार्टीत जाहीर झाला. परीक्षक होते आमचे साडूभाऊ.

साडूभाऊ विमानात कधी बसलेले नाहीत. पासपोर्ट काढलेला नाही. त्यांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. हंगाम नसला की गिऱ्हाईक नसतं, आणि गिऱ्हाईक नसलं की साडूभाऊ मोबाईलवर परदेशात असतात.

कपाशीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजून झाली होती. साडूभाऊ मांडी घालून त्यांची जळकी सालं काढत होते. एक साल ओढायचं, बोटांवर फुंकर मारायची आणि एक प्रश्न टाकायचा.

"पीकवर गेले व्हते?" पीक म्हणजे शेतातलं नव्हे, हाँगकाँगचा तो प्रसिद्ध डोंगर, व्हिक्टोरिया पीक.

"गेलो ना. ट्राममधून. 1888 सालची आहे ती." सालामुळे जरा वजन पडेल, असा माझा हिशोब.

"कोन्या बाजूले बसले?"

"मिळाली त्या बाजूला."

"उजव्या बाजूले बसाचं असते. जाताना सगळं शहर तिकडूनच दिसते." फुंकर. "उतरले कुठं?"

"वर. शेवटच्या स्टेशनला."

"ते 396 मीटरवर. शिखर हाये 552 वर. मंग तुम्ही पीक कुठं पाह्यलं?"

बडगीत वांगी ठेचणारे हात थांबले. मेव्हणी फिस्सकन हसली. सासऱ्यांनी माझ्याकडे सोसायटीच्या थकबाकीदाराकडे बघावं तसं बघितलं. आता, त्या शिखराच्या अगदी टोकावर रेडिओचे मनोरे आहेत आणि तिथे कुणालाच जाऊ देत नाहीत. ही माहिती मला सापडली रात्री साडेअकराला, अंथरुणात. त्या वेळी ती कुणाच्या तोंडावर मारणार? बायकोला उठवून सांगितली. ती म्हणाली, "झोपा."

मळ्यात मात्र मी लगेच हार मानली नव्हती. मी स्टार फेरी काढली. म्हटलं, मुंबईचा पारशी बाबा तिकडे गेला आणि त्यानं बोटी सुरू केल्या, ही गोष्ट मंडळींना आवडेल. "हाँगकाँगची ती प्रसिद्ध फेरी आहे ना, ती मूळ आपल्याकडच्याच एका—"

"दोराबजी नवरोजी," साडूभाऊ वांग्याकडे बघतच म्हणाले. "स्टार नाव 1898 पासून. तुम्ही वर बसले का खाली?"

मी बसलोच नव्हतो. आमची बस बंदराच्या खालून, बोगद्यातून गेली.

"म्हंजे पान्याखालून गेले आन् पानी पाह्यलंच नाही!" यावर सासूबाईसुद्धा हसल्या. त्या एरवी हसत नाहीत.

आता इथे मला खरंच चीड येते, आणि ती साडूभाऊंची नाही. सहलवाल्यांच्या रंगीत पत्रकात फेरीच्या पुढे बारीक अक्षरात 'वेळ असल्यास' छापलेलं होतं. बोगद्यातून वाचवलेला वेळ गेला कुठे? दागिन्यांच्या दुकानात! जळगावच्या माणसाला, ज्याच्या गावाला लोक सुवर्णनगरी म्हणतात, त्याला समुद्रापार नेऊन सोन्याची पेंडंटं दाखवली. दार लोटलेलं, विक्रेती बाई हसतमुख, आणि गाइड बाहेर फोनवर. रोज रात्री आठला बंदरावरच्या इमारतींवर दिव्यांचा खेळ होतो. तेव्हा आम्ही आतल्या गल्लीतल्या एका हॉटेलात पनीर संपवत होतो. पनीर रोज होतं. त्याच्यापुढे मात्र 'वेळ असल्यास' लिहिलेलं नव्हतं. पैसे सगळे आधी घेतले होते, हे वेगळं सांगायला नको.

आणि जे मी खरोखर पाहिलं, ते कुणी विचारलंच नाही. एका संध्याकाळी आम्ही दोघं गटातून निसटलो आणि शहरातल्या रस्त्यांवरून चालणाऱ्या दुमजली ट्राममध्ये चढलो. रस्त्यावरच्या ट्राम तिथे 1904 पासून आहेत. मागून चढायचं, पुढून पैसे देऊन उतरायचं. डबा इतका अरुंद की वरच्या मजल्यावर समोरून कुणी आलं तर एकाला बसावंच लागतं. आम्ही पुढच्या खिडकीशी जागा धरली. ट्राम वळणावर थांबली तर अगदी समोरच एका जुन्या इमारतीची खिडकी. आत एक आजोबा गंजीफ्रॉकवर बसून काड्यांनी भात खात होते. आमची नजरानजर झाली. त्यांनी वाडगा जरासा आत ओढून घेतला.

हे मी सांगायला घेतलं होतं. 'ट्राम' म्हणताच साडूभाऊ म्हणाले, "तिले डिंग-डिंग म्हंतात," आणि तेवढ्यात भरीत झालं. मग पुरी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात, मिरची. तोंडं भरल्यावर हाँगकाँग मागे पडलं असं मला वाटलं.

पडलं नव्हतं. हात धुताना मेव्हण्यानं विषय काढला: येत्या मे महिन्यात आपण सगळेच जाऊ या का तिकडे? मी घसा खाकरला. तोवर तो साडूभाऊंकडे वळला होता.

"मे नको," साडूभाऊ म्हणाले. "पाऊस असते. नोव्हेंबरात चला. पहिल्या दिवशी मोठा बुद्ध, 268 पायऱ्या हायेत, पन वणीचा गड चढनाऱ्याले त्याचं काय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मेव्हणी वहीत लिहून घेत होती, अगदी वहीत! शेवटी सासूबाईंना माझी दया आली असावी.

"जावईबापू, विमानात बॅग किती किलोची चालते हो?"

मी सांगितलं.

"हातातली वेगळी धरा," साडूभाऊ म्हणाले.