युबारीच्या खरबुजावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, युबारी खरबुजावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, एवढ्या तळमळीने लिहिलंय म्हणून नीट सविस्तर उत्तर देतोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की जपानमधल्या युबारी खरबुजाच्या जोडीला ५० लाख येन मोजणं हा नुसता पैशाचा माज, आपल्याकडे उन्हाळ्यात हातगाडीवर मिळणारं खरबूज तितकंच गोड असतं, त्यामुळे नाव मोठं लक्षण खोटं, आणि बी मागवून सोलापूरला लावलं तर तिथेही युबारी पिकेल.

आधी पैशाचं बोलू. ५० लाख येन ही २०१९ च्या पहिल्या लिलावातली बोली, तेव्हाचे साधारण ३० लाख रुपये. युबारीजवळच्या साप्पोरो शहरातल्या घाऊक बाजारात मे अखेरीला हंगामाचा पहिला लिलाव होतो, तिथे बोली लावणाऱ्याला पेपरात नाव यायला हवं असतं, ती जाहिरातच आहे, हे शंभर टक्के मान्य. पुढच्याच वर्षी कोरोनात तोच लिलाव १ लाख २० हजार येनवर थांबला. फळ तेच, शेतकरी तेच! म्हणजे त्या आकड्यावरून फळ थोरही ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही. बाकी हंगामात ते काही हजार येनला जातं, महागच आहे, पण जपानात उन्हाळ्यात भेट म्हणून चांगलं फळ द्यायची पद्धत आहे, त्यामुळे गिऱ्हाईक मिळतं.

पण "लक्षण खोटं" हे मला अजिबात पटत नाही, आणि मूळ लेख मी त्यासाठीच लिहिला होता. युबारी हे जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचं कोळसा खाणींचं गाव, १९६० च्या सुमारास तिथे १ लाख १६ हजारांवर लोक राहायचे. मग कोळशाला गिऱ्हाईक उरेना, १९८१ मध्ये एका खाणीतल्या गॅसच्या दुर्घटनेत ९३ माणसं गेली, १९९० ला शेवटची खाण बंद पडली आणि २००७ मध्ये तर नगरपालिकाच दिवाळखोर जाहीर झाली, डोक्यावर कर्ज साडेतीन हजार कोटी येन. आज लोकसंख्या ७ हजारांच्याही खाली आहे. अशा गावात जे टिकलं ते हे खरबूज, आणि ते आपोआप नाही टिकलं.

तिथे आधी एक नारिंगी गराचं खरबूज व्हायचं, रंग वास छान पण गोडी कमी. १९६० मध्ये १७ शेतकऱ्यांनी एकत्र येऊन संघ काढला, त्या खरबुजाचा अर्ल्स फेव्हरिट नावाच्या गोड जाळीदार जातीशी संकर केला, त्यातून युबारी किंग आलं. दिवसा ऊन, रात्री गारवा आणि खाली ज्वालामुखीच्या राखेची निचऱ्याची जमीन, हे त्यांना आयतं मिळालं. बाकी सगळी मेहनत. सालीवरच्या त्या जाळीचंच घ्या ना. साल वाढायची थांबते पण आत गर फुगत राहतो, मग सालीला बारीक तडे जातात, ते तडे फळ स्वतःच भरून काढतं आणि तिथे खडबडीत रेघ उठते. पाणी कधी जास्त कधी कमी झालं की जाळी विस्कटते. म्हणजे शेतकऱ्याने महिनाभर पाणी कसं सांभाळलं ते सालीवर दिसतं. काढल्यावर तपासणीत चार प्रती लावतात, सगळ्यात खालच्या प्रतीलाही किमान १० ब्रिक्स (रसातली गोडी मोजायचं एकक) लागतं, त्याखालचं फळ युबारी म्हणून विकायचंच नाही.

आता गोडीचं. आपलं चांगलं खरबूजही १२-१३ ब्रिक्सपर्यंत जातं, मी कुठेच नाही म्हटलेलं नाही. पण हातगाडीवरची चार फळं घ्या, एक साखर, दोन बरी, एक काकडी, हे तुम्हीही अनुभवलं असेल. युबारीचे पैसे आहेत ते या भरवशाचे, पेटी उघडली की फिकं निघणार नाही याचे.

आणि बी. ती संकरित जात आहे, फळातलं बी काढून लावलं तर पुढची रोपं एकसारखी येत नाहीत, मूळ वाण तिथल्या शेतकरी संघटनेने जपून ठेवलेत. डिसेंबर २०१५ मध्ये तिथे युबारी खरबुजाला भौगोलिक मानांकनही मिळालं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला मानांकन मिळालं तेव्हा आपण सगळे खूश झालो, कारण बाहेरचा आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला की आपला जीव जळतो. मग युबारीच्या माणसाचाही जळणारच ना?

सोलापूरला लावायचंच असेल तर जरूर लावा, नारिंगी गराच्या चांगल्या संकरित जाती आपल्याकडे मिळतात. फळ पोसताना पाणी एकसारखं ठेवा, काढणीच्या आधी हळूहळू कमी करा, वेलावर फळं मोजकीच राखा. आणि द्राक्षवाल्यांकडे असतो तो रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे ब्रिक्स मोजायचं यंत्र, मागून आणा, प्लॉटमधली पाच-सहा फळं मोजा आणि आकडे इथेच खाली टाका, मला खरंच बघायचेत.