दोन खण, दोन दारं

कपाट करणं सोपं असतं असं सांगणारी माणसं खोक्याबद्दल बोलत असतात. खोकं खरंच सोपं आहे. चार फळ्या, पाठीमागे प्लाय, मधे एक आडवी फळी. एकदा उभं राहिलं की भिंतीला टेकून जन्मभर गप्प. भानगड सुरू होते ती हलणाऱ्या भागांपासून. दार उघडलं पाहिजे, मिटलं पाहिजे, आणि मिटल्यावर शेजारच्या दाराच्या रेषेत उभं राहिलं पाहिजे. खण सरकला पाहिजे, पण डुगडुगता कामा नये. एखाद्याला मोकळीक द्यायची आणि वर तो आपलंच ऐकेल अशी अपेक्षा धरायची. दोन मुलं वाढवूनही हे माझ्या आधी लक्षात आलं नाही.

मला करायचं होतं ते लहानसंच कपाट. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, सव्वा फूट खोल. वर शेजारी शेजारी दोन खण, खाली दोन दारं. सागवानाचं, हातानं केलेलं, कुठेही स्क्रू न दिसणारं आणि खणांना चॅनेल, म्हणजे सरकायच्या धातूच्या पट्ट्या, नसलेलं. या अटी घरात दुसऱ्या कुणीही घातल्या नव्हत्या, हे मला पुढे वेळोवेळी ऐकवण्यात आलं.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात लाकूड घनफुटावर विकतात. व्यापाऱ्यानं विचारलं, "घाना देऊ की बल्लारशा?" घाना म्हणजे आफ्रिकेतून आलेलं सागवान; बल्लारशा म्हणजे आपल्या चंद्रपूरकडचं. मी बाणेदारपणे बल्लारशा म्हटलं. त्याचा चेहरा उजळला. "अयोध्येच्या मंदिराच्या दारांना इथलंच सागवान गेलं, साहेब. 2023 साली. तुम्हाला कशासाठी हवंय?"

"औषधं, लाइटची बिलं... असंच किरकोळ ठेवायला."

त्यानं काही न बोलता मला घानाच्या थप्पीकडे नेलं. मी हट्टानं परत बल्लारशापाशी आलो.

आता हा घनफुटाचा हिशोब फार लबाड आहे. एक घनफूट म्हणजे 1728 घनइंच. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड अशी फळी म्हणजे बरोबर पाव घनफूट. इथवर ठीक. पण करवतीतून आलेली इंचाची फळी खडबडीत असते. तिला दोन्ही बाजूंनी रंधा मारून गुळगुळीत केलं की इंचातल्या आठ सुतांची सहा सूत उरते. म्हणजे चार फळ्यांचे पैसे मोजले की त्यातली एक फळी मी ढलप्यांच्या रूपात घरी आणली होती. त्या ढलप्या तुळशीच्या कुंडीत, वाळत घातलेल्या कपड्यांत आणि एकदा कोशिंबिरीत सापडल्या. "हे बल्लारशाचं आहे ना?" बायकोनं ताटाच्या कडेला ठेवत विचारलं.

बिजागऱ्या आणायला बोहरी आळीत गेलो. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "झिरो क्रँक, आठ का सोळा?" दार कपाटाच्या कडेवर बसणार, अर्ध्या कडेवर बसणार की आत, त्यावर हा आकडा ठरतो. आणि त्या सगळ्यांना दाराच्या पाठीत 35 मिलिमीटरचं गोल भोक पाडावं लागतं. मी म्हटलं, "साधी द्या. पितळेची. दोन पानं आणि मधे एक खीळ." मुलानं मान वर केली आणि आतल्या वयस्कर गृहस्थांना हाक मारली. ते शिडी चढून अगदी वरच्या फळीवरून एक पुडकं घेऊन आले, त्यावरची धूळ फुंकली आणि माझ्याकडे मायेनं बघितलं. "सॉफ्ट क्लोज घेऊन जा, काका," मुलगा अजून प्रयत्न सोडत नव्हता. "हात सोडला की दार आपोआप मिटतं." त्या वयस्कर गृहस्थांपेक्षा मी बराच लहान असूनही काका मीच होतो.

इकडे लाकडाला करवत लागायच्या आत खणांचं वाटप होऊन गेलं. डावा खण बायकोचा. उजवा आईनं गणपतीच्या सामानासाठी धरला: घंटा, निरांजन, पळी, वाती, कापूर, जानवी, अत्तराची बाटली. दारांमागचं एक फडताळ मुलीच्या चार्जरांना, दुसरं औषधांना. "आणि मला?" मी विचारलं. आई म्हणाली, "अरे, कपाट तूच करतोयस की."

हातानं काम करायचं म्हणजे निम्मा वेळ धार काढण्यात जातो, हे कुठल्याही सुताराला विचारा. रंध्याचं पातं आणि पटाश्या दगडावर घासायच्या, उलटवायच्या, पुन्हा घासायच्या. धार आली की नाही हे बघायची जुनी रीत म्हणजे मनगटावरचे केस. पटाशी हलकेच फिरवली आणि केस साफ उतरले तर धार आली. काही आठवड्यांत माझा डावा हात कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. एका लग्नात बायकोच्या मावशीनं तो हात हातात घेऊन "कसली ट्रीटमेंट चालू आहे?" असं हळूच विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर जास्तच काळजीत पडल्या.

खालच्या मजल्यावरचे काका पहिल्यांदा वर आले ते ठोकाठोकीची तक्रार घेऊन. "दुपारी तरी थांबा हो" एवढं म्हणून झाल्यावर त्यांची नजर फळीवर गेली. फळीवर गेली ती तिथेच राहिली. ते नोकरीत असताना पूल बांधत होते. त्यामुळे कपाटाकडे ते ज्या नजरेनं बघत, त्यात वरून रणगाडा जाणार असल्याची शक्यता गृहीत असे. दुसऱ्या दिवशीपासून दुपारी ठोकाठोकी थांबली की तेच खालून हाक मारत, "काय हो, आज बंद का?"

खणाचे कोपरे डव्हटेलचे करायचे होते. बोटात बोटं गुंतवावीत तसे एका फळीचे दात दुसरीच्या खाचांत बसतात. पुढून कितीही ओढा, सुटत नाहीत. आखणी पेन्सिलीनं करायची नाही, सुरीच्या टोकानं करायची. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, सुरीच्या रेघेला नसते. मग करवत त्या रेघेच्या बाहेरच्या अंगाला धरायची, कारण करवतीलाही जाडी असते. एकदा आमच्या गल्लीतले मिस्त्री सहज डोकावले. मी डोळ्याला भिंग लावून फळीवर ओणवा झालो होतो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "रेघ राखताय का रेघ खाताय?" मी म्हटलं, "अर्धी राखतोय." ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, नोकरी चालू आहे ना?"

दारं मात्र मी शास्त्रानं केली. सागाची अखंड फळी दाराला वापरत नाहीत, कारण लाकूड पावसाळ्यात फुगतं. लांबीला फुगत नाही, रुंदीला फुगतं. म्हणून चारी बाजूंनी चौकट करायची, तिच्या आतून खाच मारायची आणि त्या खाचेत दिल्हा, म्हणजे मधली फळी, नुसता सरकवून सोडायचा. त्याला फेव्हिकॉलचा थेंबही लावायचा नाही. फुगायचं असेल तेवढं त्यानं खाचेतल्या खाचेत फुगावं, चौकटीला त्रास देऊ नये. ही व्यवस्था मला इतकी आवडली की संयुक्त कुटुंबपद्धतीवर मी त्या दिवशी जेवताना थोडं बोललो. आईला ते आवडलं नाही.

सांगाडा चिकटवला तेव्हा दोन्ही कर्ण मोजले. दोन्ही अगदी सारखे, केसाचा फरक नाही. कपाट बाल्कनीतून उचलून हॉलमध्ये ठेवलं आणि उजवं दार डाव्यापेक्षा एका सुतानं वर गेलं. पुन्हा बाल्कनीत नेलं, दारं सरळ. हॉलमध्ये आणलं, वाकडी. काकांनी खिशातून गोटी काढून फरशीवर ठेवली. (निवृत्त माणसाच्या खिशात गोटी का असते, हे मी विचारलं नाही.) गोटी सावकाश, कुणाचीही वाट न बघता, बाथरूमकडे निघून गेली. घरात काटकोनात असलेली एकमेव वस्तू माझं कपाट आहे, हे त्या दिवशी सिद्ध झालं. एका पायाखाली लग्नपत्रिका घडी करून सारली. हल्लीच्या पत्रिका बऱ्याच जाड असतात, त्याचा उपयोग झाला.

आणि खण! मे महिन्यात, पुण्याच्या कोरड्या कडक उन्हाळ्यात, ते मी असे बसवले की कडेनं पोस्टकार्डही जाऊ नये. डावा खण आत ढकलला की आतली हवा दबायची, आणि उजवा खण कुणीही हात न लावता आपसूक इंचभर बाहेर यायचा. हे ज्यानं कधी केलेलं नाही त्याला त्यातला आनंद समजणार नाही. पाहुणे आले की चहाच्या आधी मी हे दाखवायचो. बायकोनं त्याचं नाव 'तुमची जादू' ठेवलं होतं. काकांनीही पाहिलं आणि पहिल्यांदाच काही सुचवलं नाही. मिस्त्रींनी पाहिलं आणि विचारलं, "आषाढात काय करणार?"

आषाढात खण जड झाले. श्रावणात डावा कसाबसा निघे, उजवा बंद झाला. दारं ठणठणीत होती. त्यांना खाच होती. खणाच्या उभ्या बाजू मात्र अखंड फळीच्या, आणि त्या नेमानं रुंदीला, म्हणजे खणाच्या उंचीला, फुगल्या होत्या. आई रोज आठवण करायची. "सणापर्यंत उघडीप पडेल," मी रोज सांगायचो.

उघडीप पडली नाही. चतुर्थीच्या सकाळी गुरुजी स्कूटरवरून आले. ओळीनं बरीच घरं घ्यायची असल्यामुळे त्यांनी बसता बसताच सुरुवात केली.

"घंटा?"

"खणात आहे."

"वाती?"

"खणात."

"जानवं?"

मी खणाकडे बोट दाखवलं. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं.

काकू खाली जाऊन वाती, जानवं, कापूर घेऊन आल्या. पण त्यांची घंटा गणपतीबरोबर थोरल्या दिरांकडे गेलेली. आई म्हणाली, मुठीला मेणबत्ती लाव. मेण खणाच्या तळाला लावतात आणि त्यासाठी खण आधी उघडावा लागतो, हे सांगायची ती वेळ नव्हती. बायको म्हणाली, "अहो, तुमची ती जादू करा ना." मी डावा खण थोडा ओढून जोरात ढकलला. तो आत गेला आणि तोही बसला. काका कपाटाच्या मागे गेले. "पाठीचे स्क्रू काढू, मागून हात घालू." मग बराच वेळ शोधून बाहेर आले. "अहो, याला स्क्रूच नाहीत!"

"नाहीतच," मी म्हणालो. एरवी हे मी वेगळ्या स्वरात सांगत असे.

शेवटी मी दोन्ही पाय कपाटाला टेकवून मूठ धरली आणि गदागदा हलवली. खण तसूभर हलला नाही. पण आत कुठेतरी घंटा किणकिणली. गुरुजींनी मान वर केली. मी पुन्हा हिसका दिला, पुन्हा किणकिण.

"झालं काम," गुरुजी म्हणाले आणि डोळे मिटून त्यांनी घंटेचा मंत्र सुरू केला. मधेच एक डोळा उघडून म्हणाले, "सोडू नका हं. मी खूण करीन तेव्हा वाजवा."

आरतीपर्यंत मी फरशीवर बसून खण हलवत होतो. काका झांजा घेऊन शेजारीच उभे होते. दुसऱ्या कडव्याला ते वाकून माझ्या कानात म्हणाले, "लय धरा जरा. मागे पडताय."