डब्याचा अर्धा तास

ऑफिसात माणसांच्या तब्येती नीट राहाव्यात आणि दिवसातला थोडा वेळ तरी मजेत जावा, असं कुणाला खरंच वाटत असेल तर माझं एकच मागणं आहे. दुपारच्या जेवणाची सुट्टी पूर्ण द्या आणि तेवढ्या वेळात कुणाला हाक मारू नका. योगा मॅट, स्टेप काउंटर आणि भिंतीवर चिकटवलेले पिवळे हसरे चेहरे नंतर बघू.

आत्ता लिहायला बसले कारण गेल्या महिन्यात आमच्याकडे ‘वेलनेस मंथ’ साजरा झाला. (इंदूरच्या विजयनगरला एका काचेच्या इमारतीत ऑफिस आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, पोटाचा प्रश्न आहे.) त्यात एक वेबिनार होता. विषय: जेवताना लक्ष जेवणाकडे कसं ठेवावं. वेळ: दुपारी दीड ते सव्वादोन. हजेरी सक्तीची. तर आम्ही अकाउंट्सची सगळी मंडळी मांडीवर डबा, कानात हेडफोन, कॅमेरा बंद करून बसलेलो, आणि डाएटिशियन बाई सांगतायत की समोर स्क्रीन ठेवून जेवू नका. माझ्या शेजारची मुलगी एका हातात मेथीचा पराठा धरून दुसऱ्या हातानं चॅटमध्ये ‘व्हेरी ट्रू मॅम’ टाइप करत होती. तिच्या एंटरच्या बटणावर तेलाचा डाग अजून आहे.

जेवणाची सुट्टी कुणी रद्द केलेली नाही बरं का. कागदावर ती आहेच. ती हळूहळू कुरतडली गेली. आधी ‘दोन मिनिटांचा कॉल’ आला. मग दुबईचा क्लायंट आला. त्यांचे बारा वाजतात तेव्हा आपला दीड होतो, आणि बारा वाजतात ते आपल्या जेवणाचे. मग बहुतेकांना डेस्कवर जेवायची सवय लागली. आता कुणी डबा घेऊन उठलं तर ‘आज काम कमी आहे वाटतं’ असं बघतात.

मराठी माणसानं तरी या अर्ध्या तासाची किंमत विसरू नये. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी, ‘दीनबंधु’ वृत्तपत्राचे संपादक, आणि त्याआधी मुंबईत मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपर, म्हणजे आपल्यासारखेच रजिस्टर सांभाळणारे. 1884 मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून सरकारपुढे मागण्या ठेवल्या. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच यादीत दुपारी अर्धा तास सुट्टी द्या हेही होतं. रविवार पदरात पडायला 10 जून 1890 उजाडावा लागला. पुढे 1948 च्या कारखाना कायद्यात लिहिलं गेलं की सलग पाच तासांच्या वर काम करून घ्यायचं नाही, मध्ये निदान अर्धा तास विश्रांती द्यायची. भोंग्यावर चालणाऱ्या गिरणीतल्या माणसांनी जो अर्धा तास भांडून मागितला, तो आम्ही एसीत बसून कुणी न मागता परत करतोय.

आमच्या पॅन्ट्रीत एक लांब टेबल आहे. मूळचं कॉन्फरन्स रूमचं. एक पाय डुगडुगायला लागला म्हणून इकडे आलं, पायाखाली जुन्या चलनबुकाची घडी आहे. दीड वाजता इथे सात-आठ डबे उघडतात. सिंधी सहकारीण साई भाजी आणते. त्या डब्याचं झाकण काढलं की पालक-सोव्याच्या वासानंच माणसं येऊन बसतात. एक जैन मुलगी आहे, चातुर्मासात पालेभाजी बंद, म्हणून मूग, चणे, गट्टे असं काय काय करते आणि आम्हालाही कडधान्यं खायला लावते. डिस्पॅचचे काका मालव्यातले. थंडीत गराडू हा कंद तळून आणतात आणि ‘मॅडम, थोडा जीरावन डालो, फिर देखो’ म्हणत तो मसाला स्वतःच वरून भुरभुरवतात. मी एकदा वरणफळं नेली तर सगळे म्हणाले, ‘अरे, ये तो दाल ढोकली है!’ त्यावरून जो वाद पेटला त्यात गुजराती, मराठी आणि मारवाडी असे तिन्ही पक्ष होते. दोन वाजता तो अनिर्णित सोडावा लागला. अजून निकाल लागलेला नाही, दर महिन्याला एकदा सुनावणी होते.

पीजीत राहणारी खंडवा-उज्जैनची पोरं आहेत. सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे, चार वाजता कचोरी, रात्री देवाच्या भरवशावर. त्यांना दिवसात घरच्या अन्नाचा घास मिळतो तो या टेबलावर. म्हणून आम्ही दोन पोळ्या जास्तीच्या आणतो, आणि ही पोरं हक्कानं विचारतात, ‘काकू, आज क्या लाए?’ एकाला कारलं आवडायला लागलंय. त्याच्या आईला फोनवर खरं वाटेना.

आता यात तब्येत कुठे आली? सांगते. बोलत बोलत जेवलं की जेवण आपोआप सावकाश होतं. चार डब्यांतलं थोडं थोडं घेतलं की एका दिवसात तीन भाज्या पोटात जातात. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, समोरासमोर बसलं की माणूस दिसतो. आमचा एक सहकारी, वय पस्तिशीच्या आतबाहेर, मधले काही आठवडे एका जेवणात पाण्याची अख्खी बाटली संपवायचा आणि दोनदा उठून जायचा. पट्ट्याला नवं भोक पाडलेलं. तो आपला खूश होता की वजन उतरतंय. डिस्पॅचच्या काकांना स्वतःला शुगर आहे, त्यांनी ओळखलं. म्हणाले, ‘भिया, कल सुबह भूखे पेट खून दे के आना.’ उपाशीपोटीचा आकडा बघून डॉक्टरांनी त्याच दिवशी औषध सुरू केलं. कंपनीनं त्याच्या फोनमध्ये जे वेलनेस ॲप टाकून दिलं होतं, ते त्याला वजन घटल्याबद्दल रोज टाळ्या वाजवून दाखवत होतं.

जेवण झालं की आम्ही पार्किंगमध्ये दोन-तीन फेऱ्या मारतो. आपल्याकडे शतपावली होतीच, ऑफिसात आली आणि बंद पडली. जेवल्यावर थोडं चाललं की रक्तातली साखर एकदम उसळत नाही. त्यासाठी ट्रॅकपँट घालावी लागत नाही.

बसून काम आणि हृदय यांच्याबद्दल वाचलेली मला सगळ्यात आवडती गोष्ट लंडनच्या डबलडेकर बसची आहे. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी तिथल्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्या हृदयविकाराचा हिशेब मांडला आणि 1953 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला. नोकरी एकाच ठिकाणची, बस तीच, धूर तोच. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, कंडक्टर दिवसभर जिना चढतोय-उतरतोय. हृदयविकार कंडक्टरांना कमी निघाला. मॉरिस स्वतः 99 वर्षं जगले. आमच्या इमारतीत कंडक्टरची जागा चहावाल्या पोरानं घेतलीय. तो चार मजले जिन्यानं करतो, कारण त्याला लिफ्ट वापरायला मनाई आहे! लिफ्टच्या दारात उभं राहून आमचे बत्तीस वर्षांचे मॅनेजर दुसऱ्या मजल्याचं बटण दाबतात, तेव्हा मला तो ‘लॅन्सेट’ त्यांच्या हातात द्यावासा वाटतो.

कचोरीबद्दल एक शब्द, नाहीतर इंदूरवाले मला वाळीत टाकतील. मी कचोरीच्या विरोधात नाही. छप्पन दुकानवर उभं राहून खाल्लेल्या, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री अकराला खाल्लेल्या कचोरीचं मी समर्थनच करीन. माझं भांडण आहे ते ऑफिसातल्या खोक्याशी. साठ माणसांच्या ऑफिसात दर आठवड्याला कुणाचा तरी वाढदिवस असतो. शिवाय कुणाची नवी गाडी, कुणाच्या मुलाचा निकाल, कुणाच्या साळ्याचं लग्न. दरवेळी तेच तेलकट खोकं डेस्कवर येतं, एका हातानं माऊस चालू असतो आणि दोन कचोऱ्या कधी पोटात गेल्या हे कळतही नाही. वर शेव, वर जीरावन. जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसाला 5 ग्रॅमच्या आत मीठ. एवढं आमच्याकडे चारच्या चहाबरोबरच उरकत असेल. त्यापेक्षा महिन्याचे सगळे वाढदिवस एका दिवशी करा, टेबलाशी बसून, गरम गरम. कचोरीचाही मान राहतो.

आता मजा. आमच्याकडे ‘फन फ्रायडे’ असतो. म्युझिकल चेअर, अंताक्षरी, तोंडात चमचा धरून लिंबू. एचआरची मुलगी बिचारी मनापासून करते, तिला वर फोटो पाठवायचे असतात. पण सक्तीची मजा म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात बळेच नाचायला ओढून नेणं. स्टेप चॅलेंजला तर एकानं फोन पोराच्या पाळण्याला बांधला होता. पहिला आला. बक्षीस काय मिळालं असेल? मिठाईचा डबा.

याच शहरात कामाच्या जागेची मजा कशी असते हे आपण दर अनंत चतुर्दशीला बघतो. हुकुमचंद, मालवा, कल्याण, स्वदेशी, राजकुमार या गिरण्यांच्या कामगारांनी जवळजवळ शंभर वर्षांपासून झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले चित्ररथ, काढल्या. पाळी संपवून स्वतः लाकूड कापायचं, पुठ्ठे रंगवायचे, मोटरी लावून देवांचे हात हलवायचे, दिव्यांच्या माळा सोडायच्या, आणि रात्रभर शहराला जागवायचं. गिरण्या बंद पडल्या. हुकुमचंद 1991 मध्ये गेली आणि कामगारांना थकलेल्या देण्यांसाठी 2023 च्या डिसेंबरपर्यंत वाट बघावी लागली. पण करोनाची वर्षं सोडली तर झांक्या निघतच राहिल्या. माझे सासरे अजून खुर्ची टाकून बसतात आणि कुठल्या मिलची झांकी यंदा भारी यावर पहाटेपर्यंत भांडतात. हे कुठल्या एचआरनं ठरवलं नव्हतं. माणसांना आपसात जमायला वेळ आणि जागा होती, पुढचं त्यांनी केलं.

बायकांच्या बाजूनं बघा, मग हा अर्धा तास आणखी महाग वाटायला लागतो. ‘टीम बाँडिंग’ म्हणून संध्याकाळी सातनंतर जे काही ठरतं, त्याला आम्ही निम्म्या जणी नसतोच. घरी कुकर लावायचा असतो, मुलांचा अभ्यास असतो, सासूबाईंच्या गोळ्या असतात. रविवारी पातालपाणीला सहल काढली तर आमचा एकुलता एक रविवार जातो, पहाटे उठून सगळ्यांचं करून ठेवायचं ते वेगळंच. मग मॅनेजर पुरुष मंडळींशी मोकळे होतात आणि आमच्याशी ‘मॅडम’वरच राहतात, आणि अप्रेझलला त्याचा हिशेब निघतो. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या छताखाली होणारी मजा तेवढी आमच्या वाट्याला येते.

आणि हो, टॉयलेट. इंदूर 2017 ते 2023 सलग स्वच्छतेत देशात पहिलं आलं म्हणून आपण मिरवतो, मिरवावंच. पण मी आधी जिथे होते, तिथे दोन मजल्यांच्या बायकांना मिळून एक टॉयलेट, कडी तुटलेली. त्यामुळे आम्ही पाणीच कमी प्यायचो. लघवीच्या जागेचा संसर्ग तिथल्या बहुतेक जणींना कधी ना कधी झालेला, आणि कुणी कुणाला सांगितलेलं नाही. ते एकमेकींना कळलं तेही डबा खाताना. मग चौघी मिळून ॲडमिनच्या साहेबांपुढे उभ्या राहिलो. कडी बसली. दुसरं टॉयलेट काही झालं नाही, पण कडी बसली. त्या वर्षीच्या ‘हेल्थ टॉक’मध्ये टॉयलेटचा ट सुद्धा नव्हता.

‘एवढा वेळ डब्यावर घालवला तर काम कोण करणार?’ असं विचारणारे भेटतात. हे लोक रात्री नऊपर्यंत बसतात आणि त्याचा त्यांना अभिमान असतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 मध्ये मिळून एक अभ्यास मांडला. आठवड्याला 55 तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना, 35 ते 40 तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका 35 टक्के जास्त आणि हृदयविकारानं मृत्यूचा धोका 17 टक्के जास्त. आठवड्याचे सहा दिवस सकाळी दहाला येऊन रात्री साडेनऊला उठणाऱ्यानं डेस्कवरच्या जेवणाची चाळीस मिनिटं वगळून बेरीज केली, तरी 55 च्या बऱ्याच वर जाते. मी अकाउंट्सची आहे, माझ्यावर विश्वास ठेवा.

आम्ही काय केलं तेवढं सांगते, कुणाला उपयोगी पडलं तर पडो. कॅलेंडरमध्ये रोज दीड ते दोन-दहा अशी एक मीटिंग टाकली. नाव ‘व्हेंडर रिकन्सिलिएशन’. असल्या नावाच्या मीटिंगमध्ये डोकवायची कुणालाच इच्छा होत नाही. दुबईवालेही आता अडीचला फोन करतात. फक्त गेल्या सोमवारी फायनान्स हेडनी ते इन्व्हाइट ॲक्सेप्ट केलं. दीड वाजता लॅपटॉप घेऊन पॅन्ट्रीच्या दारात उभे. काकांनी एक खुर्ची सरकवली आणि म्हणाले, ‘सर, लैपटॉप वहाँ रख दो, भुट्टे का कीस ठंडा हो रहा है.’ साहेबांनी दोनदा वाढून घेतला. उद्या ते स्वतः काही आणणार आहेत म्हणे, बायकोला विचारून सांगतो म्हणाले.